ही बाजू वर

हॅलिफॅक्सच्या हॉस्पिसच्या दुकानात, मागच्या खोलीत,
शनिवारी दहा ते दोन माझी पाळी.
ब्रेंडा ॲक्रॉइड फोटो काढते,
मी ते सरळ करते.

सगळं आडवं येतं.
खुर्ची डाव्या कुशीवर झोपलेली.
दिवा भिंतीतून उगवलेला.
कुणाच्या तरी लग्नातला सूट, हँगरसकट,
जमिनीला समांतर.
फुलदाणीतलं पाणी सांडत नाही हेच नवल.

"माझ्या फोनवर सरळ दिसतंय, लव्ह,"
ब्रेंडा म्हणते, आणि दाखवते.
खरंच सरळ असतं.

तिचा डावा खांदा तीन वर्षं आखडलेला.
एकाच हाताने ती फोन उभा धरते, पोटाशी,
श्वास रोखते
आणि अंगठ्याने टिपते.

एकदा तिला समजवायला गेले:
फोन फोटो फिरवत नाही, ब्रेंडा,
आत नुसती चिठ्ठी लिहून ठेवतो –
वरची बाजू डावीकडे आहे, सांभाळून घ्या.
काही ठिकाणी चिठ्ठी वाचतात,
काही ठिकाणी नाही.
"मग लिहायची तरी कशाला?"
म्हणाली, आणि कात्री शोधायला गेली.

संगमनेरला वडिलांच्या दुकानात
फिरोजाबादहून बांगड्यांची खोकी यायची.
लाल बाण, ही बाजू वर.
ठकाजी हमाल बाणाकडे बघायचाच नाही;
खोकं कानाशी धरून हलवायचा,
आतलं ऐकायचा,
आणि ठेवायचा.
बहुतेक वेळा बरोबर.
फुटलेला माल आम्ही फिरोजाबादच्या नावावर टाकायचो.

तर, मी फिरवते. नव्वद अंश, उजवीकडे.
मग लहान करते.
ब्रेंडाचा एकेक फोटो आठ एमबीचा,
विक्रीच्या साइटला दोनच्या वर चालत नाही,
तोंडावर दार लावते.
चार हजार ठिपक्यांचे बाराशे.
त्यात काय गेलं, कुणी विचारत नाही.
खुर्चीच्या पायावरचे मांजराचे ओरखडे गेले
(मॅनेजर म्हणतो, बरंच झालं.
मी खाली लिहिते: ओरखडे आहेत).
सुटाच्या अस्तरावर निळ्या दोऱ्याने
कुणी टाचलेलं नाव होतं, टॉर्डॉफ.
तेही गेलं.

मार्चमधल्या एका शनिवारी
सगळे फोटो सरळ आले.
सोळाच्या सोळा.
प्रार्थनेला उभ्या केलेल्या पोरांसारखे.
फिरवायच्या खुणेवर गेलेलं माझं बोट
तिथेच थांबलं.

उठून पुढे गेले.
गल्ल्यावर कॅलम नावाचा नवा मुलगा,
सहा फूट, दोन्ही हातांनी फोन आडवा धरणारा.
"ब्रेंडा?"
"ऑपरेशन," तो म्हणाला. "खांद्याचं.
की डोळ्याचं. काहीतरी."

परत येऊन जुनं फोल्डर उघडलं.
फेब्रुवारीतली किटली, चांदीच्या मुलाम्याची,
बारा पौंडांना गेलेली.
मूळ फाइल, आठ एमबी, आडवी.
मोठी केली. आणखी मोठी.
किटलीच्या पोटात ब्रेंडा,
फुगीर, ओठ घट्ट मिटलेले,
छातीच्या खाली फोनचा काळा चौकोन.
मागे इस्त्रीची वाफ,
आणि दारात कप घेऊन उभी कुणीतरी,
बोटाएवढी, वाकलेली –
ती मीच, हे कळायला वेळ लागला.

साइटवरच्या फोटोत तिथे
नुसती चकाकी आहे.
घेणाऱ्याला तीच आवडली असणार.

ती फाइल मी ठेवलीय.
लहान केली नाही. फिरवलीही नाही;
बघावीशी वाटली तर
मान डावीकडे टाकते.

ब्रेंडा मे महिन्यात येईल म्हणतात.
तोवर कॅलमचे फोटो.
सरळ येतात, तक्रार नाही.
कोपऱ्यात दर वेळी त्याचं बोट असतं,
गुलाबी, भलंमोठं.
ते मी कापते.