म्हाळसेचा ळ

पणजीचं जाहिरातींचं ऑफिस बंद पडलं तेव्हा
टेबलं गेली, एसी गेला.
माझ्या सवयी तेवढ्या मी उचलून आणल्या
फोंड्याच्या खांडेपारकर प्रेसमध्ये,
पावणेआठच्या कदंबातून, मांडीवर.

इथं चार विंडोज. काळपट, घोरणाऱ्या.
एकीचा पंखा सुरू झाला
की कटिंग मशीनवरची फ्लोरी रेडिओ मोठा करायची.
माझा अंगठा मॅकवर वाढलेला :
कॉपी अंगठ्यानं, पेस्ट अंगठ्यानं,
आणि इथं सगळा कारभार करंगळीकडे.
खिडकी बंद करायला मी डावीकडे जायची,
फुली उजव्या कोपऱ्यात बसून असायची
मागल्या दारानं आलेल्या पाहुण्याकडे बघावं तशी.

मग मीच सुधारायला घेतलं सगळ्यांना.
शनिवारी मालक जेवायला गेले
की एकेका मशीनवर माझं बिऱ्हाड मांडायचे :
तळाशी चित्रांची रांग,
स्पेसबार दाबून फाइलीत नुसतं डोकावणं,
ऑल्टच्या जागी कंट्रोल आणि कंट्रोलच्या जागी ऑल्ट
बसवणारा एक इवलासा प्रोग्राम.
फ्लोरीला रांग आवडली,
म्हणाली, फेस्ताच्या माळेसारखी दिसते.
कुष्टा काही बोलला नाही.
बावीस वर्षं त्याच खुर्चीत,
बघतो तो कागदाकडे, स्क्रीनकडे क्वचित.
सोमवारी त्यानं कॉपी दाबलं
आणि काहीच कॉपी झालं नाही.
बराच वेळ आपल्याच हातांकडे बघत राहिला.
मग म्हणाला,
"बाय, म्हजीं बोटां खंय व्हेलीं गो?"

मी हसले. तेव्हा हसले.

ऑगस्टात जायांच्या पूजेची पत्रकं आली.
मजकूर मी रात्री घरी मॅकवर जुळवला,
सकाळी प्रेसमध्ये उघडला
तर म्हाळसेच्या नावात मधोमध
रिकामा चौकोन.
म्हा, चौकोन, सा.
पाच ठिकाणी. एकदा तर ठळक अक्षरांत.
पत्त्यातल्या म्हार्दोळालाही शेवट नव्हता.
फॉन्ट तोच, नाव तेच,
फक्त या तीरावरून त्या तीरावर आलेलं.
मी तीनदा फॉन्ट बसवला, दोनदा मशीन बंद केलं.
देवळाचा माणूस बाकावर, छत्रीतून पाणी गळतंय,
घड्याळाकडे बघायचं नाही असं ठरवून बसलेला.

"राव गो," म्हणत कुष्टा उठला.
माझी अदलाबदल आधी काढून टाकली,
विचारलं नाही.
डाव्या हातानं ऑल्ट धरलं,
उजव्यानं, न बघता,
शून्य दोन तीन नऊ.
चौकोनात ळ येऊन बसला
पाटावर मांडी घालून बसावं तसा.

ही देवी मूळची वेर्ण्याची.
साडेचारशे वर्षांपूर्वी इकडे आली,
दुसऱ्या राजाच्या मुलखात.
तिनं काय काय बरोबर आणलं
ते लहानपणापासून ऐकलंय.
इथल्यांनी तिला काय शिकवलं
हे विचारावंसं मला कधी वाटलंच नव्हतं.

संध्याकाळी कुष्टानं
एका फुकट गेलेल्या पत्रकाच्या पाठीवर
सगळे आकडे लिहून दिले : ळ, श्र, ज्ञ, अर्धा र.
मी ते मॅकच्या कडेला चिकटवलेत,
जिथे ते चालत नाहीत.
फ्लोरीची रांग राहिली.
आणि परवा, मी चहा घेऊन येत होते तर
कुष्टा स्पेसबार दाबून कुठल्याशा फाइलीत डोकावत होता.
मला बघून हात काढला.
मी कप ठेवला, बोलले नाही.

घरी मॅकवर हल्ली खिडकी मिटायची तर
हात आधी उजवीकडे जातो.
तिथं काहीच नसतं,
वॉलपेपरचं थोडं आभाळ.