मचूळ

चौदा पट्ट्या. बोटाएवढ्या, काळ्या, लिबलिबीत.
फ्रीजरमधून काढून ताटलीत मांडल्या, नावं घातली:
पाणी. पाणी-ग्लिसरीन. डीएमएसओ.
अल्कोहोलची पट्टी झालीच नाही,
पॉलिमर नासलं फाटल्या दुधासारखं
आणि लोह त्या चोथ्यात अडकून बसलं.

चुंबक जवळ नेला.
पाण्यातली चटकन वळली, हाक ऐकलेल्या पोरासारखी,
चुंबक काढला की परत जाग्यावर.
ग्लिसरीनमधली सावकाश,
जणू आधी चपला शोधते आहे.
डीएमएसओतली चिवट. वाकली,
पण उपकार केल्यासारखी.

पॉलिमर तेच, तोलून घेतलेलं लोह तेच,
थिजणं-वितळणंही तेच
(त्यातली दोन वितळणी महावितरणकडून, न मागता).
फरक एवढाच, कोण कशात विरघळलं.
वहीत लिहिलं: द्रावक हा बघ्या नसतो.
मग खोडलं. असली वाक्यं शोधनिबंधात टिकत नाहीत.

मेमध्ये पाण्याच्या पट्ट्यांनी दगा दिला.
वर पांढराफटक थर, लोह सगळं तळाशी,
चुंबक दाखवला की वळायच्या ऐवजी कलंडायच्या.
मी लोह बदललं. तापमान बदललं.
स्वतःवर शंका घेतली, ती मात्र पहिल्या दिवसापासून.
नवव्या दिवशी पास्कूला विचारलं,
पाणी कुठलं?

पास्कू आल्मेडा, प्रयोगशाळा सहायक, वेंगुर्ल्यात एकवीस वर्षं नोकरी,
काचसामान धुण्यात त्याचा हात धरणारा नाही कुणी.
"बाई, पाणी तां पाणीच. खंयचां म्हणान काय विचारतास?"
मग बेसिनकडे बघत:
ऊर्ध्वपातनाचं यंत्र जळलंय.
अर्ज दिलाय. साहेब रजेवर.
म्हणून मागच्या विहिरीचं. दोनदा गाळून, धुतल्या फडक्यातून.

मागची विहीर खाडीपासून दोनशे पावलं.
पावसाळ्यात गोड, मेमध्ये मचूळ.
जिभेला कळेल न कळेल इतकं मीठ,
पण लोहकणांना तेवढं पुरतं.
ज्या भारामुळे ते एकमेकांपासून अंतर राखतात
तो भार मीठ झाकून टाकतं,
मग ते चिकटतात, जड होतात, बुडतात.

पास्कूचा बाप शिरोड्याच्या मिठागरात मीठ ओढायचा.
माझे बाबा रेडीच्या धक्क्यावर खनिजाचे ट्रक मोजायचे,
अंगणात शर्ट झटकला की तुळस लाल व्हायची.
बंगळुरात सहा वर्षं
मीठ आणि लोह मला पांढऱ्या डब्यांतून मिळालं,
शुद्धता टक्क्यांत छापलेली.
तिथे माझं काही बुडलं नाही.
तिथे मी 'खंयचां' हा शब्दही वापरला नाही.

आता नवी मालिका.
बारा बाटल्या, पास्कूच्या गोल अक्षरात:
देवळामागची. चॅपेलची. बंदरावरचा नळ.
खाडी, भरती. खाडी, ओहोटी. कोंडुऱ्याचा झरा…
मीठ मोजायचा मीटर अजून मंजूर व्हायचाय.
मी नको नको म्हणते तरी तो
प्रत्येक बाटलीतलं बोटभर चाखतो
आणि आधीच सांगतो: ही बुडतली. ही रवतली.

अकरा वेळा बरोबर.
बारावी त्याच्या घरची विहीर.
चाखायची गरज नाही म्हणाला.
आजोबांनी खणलेली, गोडी, सगळी वाडी तिचं पाणी नेते.

रात्रभर थिजली.
सकाळी मी यायच्या आधी त्याने ताटली बाहेर काढलेली,
चुंबक हातात घेऊन उभा.
पट्टी एका कुशीवर कलंडलेली.
लोह तळाशी, बोटभर काळी रेघ.

त्याने चुंबक दोनदा फिरवला.
मग बाटलीतलं उरलेलं पाणी तोंडात घेऊन
बराच वेळ तसंच धरून ठेवलं.
"माका तां गोडाच लागता, बाई,"
गिळून म्हणाला.

वहीत मी तारीख घातली.
बारावी: लोह तळाला.
त्यापुढचा रकाना अजून मोकळा आहे.