न वटलेले वीस युरो

माल्टा, ग्झीरा. रात्रपाळी.
दोरिएतच्या पडद्यावर केमीच्या तौनोचं सातवं पत्र:
वीस युरो भरले, चाक फिरलं,
चार हजार एकशे दहा माझ्या नावापुढे चमकले,
मी बायकोला उठवलं.

सकाळी बँकेने ते वीस नाकारले.

कलम चौदा तिला तोंडपाठ:
भरणा नाही, तर डाव झालाच नाही.
आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?

तौनो हुज्जत घालत नाही. विचारतो एवढंच,
हरलो असतो, तर
डाव झालाच नाही म्हणून
सोडले असते का हे वीस?

तयार उत्तरं अकरा आहेत.
ती एकेक उघडते, मिटते.
गेल्या महिन्यात सेतुबालच्या एका बाईला
तिनेच पाठवली होती वसुलीची नोटीस.
भरणा फसलेला, डाव हरलेला,
रक्कम बारा युरो.

खाली धक्क्यावर बोटींचे दोर कुरकुरतात.
ती लिहिते: आपली तक्रार वर पाठवत आहे.
वर कोण बसतं, तिला ठाऊक नाही.

मग, कुठल्याच कलमात न बसणारी
एक ओळ:
बायको परत झोपली का?