कोरम

मे संपता संपता सगळे उडून जातात.
लिंडनरबाई हँबर्गला, खौरी कुटुंब बैरूतला,
सतरा नंबरचे नवरा-बायको
दोन वेगळ्या विमानांनी दोन वेगळ्या देशांत.
चाव्या माझ्याकडे.
बेचाळीस व्हिला, एक्केचाळीस चाव्या, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात,
प्रत्येकीला दोऱ्याने पुठ्ठ्याचा नंबर.
बेचाळिसावा व्हिला माझा.

सेक्रेटरी कशी झाले, तर
जानेवारीच्या सभेत कुणीतरी विचारलं, उन्हाळ्यात इथे कोण असतं?
माझा हात चहाच्या थर्मासकडे निघाला होता,
तो वर केला असं धरलं गेलं.
'एकमताने' असं इतिवृत्तात आहे. मीच लिहिलंय.

आणि जाणार कुठे? हे गेले त्याला चार वर्षं.
नाशिकचा फ्लॅट भाड्याने दिलाय,
तिथला सेक्रेटरी मला थकबाकीची पत्रं पाठवतो.
मी इथून एकोणीस जणांना पाठवते.
त्याची भाषा बरी आहे. दोन वाक्यं मी उचलली.

जुलैत रस अल खैमाचा समुद्र
कुणी पाय धुऊन ठेवल्यासारखा.
थंड पाण्याचा नळ सोडला की बोटं पोळतात,
गार हवं असेल तर बंद गिझरचं घ्यायचं,
हे नव्या मालकांना दरवर्षी लिहून कळवते,
ते जानेवारीत वाचतात.

सकाळी सहाला फेरी.
घरोघरी मोरीच्या जाळीत तांब्याभर पाणी,
नाहीतर झुरळं वर येतात.
एसी सव्वीसवर, नाहीतर सोफ्यांना बुरशी धरते.
दारं उघडते, आत गारवा बसलेला,
कुणाचीच वाट न पाहता.

ऑगस्टमध्ये गेटवरच्या टंकबहादुरच्या केबिनचा एसी जळाला.
गुल जमान म्हणाला, कॉम्प्रेसर दुबईहून यायला अकरा दिवस.
रात्री दोन वाजता मी खिडकीतून पाहिलं,
तो बादलीत पाय सोडून बसला होता,
डोक्यावर ओला टॉवेल, मांडीवर हजेरीचं रजिस्टर.
नियम नऊ, पोटनियम तीन:
कर्मचाऱ्यांनी मालकांच्या घरात थांबू नये.
मसुदा माझाच होता. अर्धविरामसुद्धा.

सतरा नंबर दिला त्याला.
तिथला चामड्याचा सोफा तसाही गारव्यात झोपलेला होता.
टंकबहादुर फरशीवर झोपला, वहाणा दाराबाहेर,
पहाटे चारला उठून झाडू मारून जायचा.
अकरा रात्री.

बिल आलं ते मागच्या ऑगस्टइतकंच.
मी दोनदा ताडून पाहिलं,
सवय आहे.

जानेवारीची सभा. कोरम पुरा, सामोसे कमी पडले.
कारंज्याचे दिवे मंजूर.
केबिनसाठी नवा एसी: पुढच्या अंदाजपत्रकात पाहू.
मग ऐनवेळच्या विषयांत सतरा नंबरच्या बाई उभ्या राहिल्या,
या वर्षी एकट्याच आल्या होत्या,
आणि पिशवीतून एक लाल कंगवा काढला.
हा माझ्या बाथरूममध्ये होता, म्हणाल्या. कुणाचा?

माझे केस तुम्ही पाहिलेले नाहीत.
पांढरे, बोटभर, केमोनंतर उगवले ते तेवढेच राहिले.
कंगव्यात दोन काळे केस.
दाराशी टंकबहादुर खुर्च्या मोजत होता, त्याचं मोजणं थांबलं.
माझा, म्हटलं मी.
बाईंनी माझ्या डोक्याकडे पाहिलं,
बऱ्याच वेळ.
मग कंगवा माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाल्या,
पुढचा विषय घ्या.

पुढचा विषय नव्हता.
आभार मानून सभा संपली.
इतिवृत्त अजून लिहायचंय. त्या ओळीपाशी अडते.

काल पुन्हा मे संपला.
बाई चावी द्यायला आल्या, टॅक्सी सुरूच ठेवून.
मी डबा उघडला.
नको, म्हणाल्या, ही गेटवर दिली तर चालेल ना?
आणि मला विचारलंच असल्यामुळे
मी नियमावली काढायला आत गेले,
आत बराच वेळ थांबले,
टॅक्सीचा आवाज जाईपर्यंत.