बहात्तर ग्रॅम

पहिला घाणा चमच्याने मोजला होता.
तेल वर, पाणी खाली,
एका पातेल्यात आठ दिवस
बोलणं टाकलेल्या जावांसारखी.
म्हणून कोकिळा, चमचा विसर.

साडेतीनशे सरकीचं, जिनिंगमागच्या मिलमधलं,
दीडशे खोबरेल
आणि कॉस्टिक बहात्तर ग्रॅम.
ऐंशी नाही. अंदाजे तर नाहीच.

धरणगावात ग्रॅम कळतो तो सराफाला.
लोटनशेठ विसपुत्यांनी चष्मा वर केला :
‘हाई काय शे वं बहीन?’
‘साबण,’ म्हटलं. ‘म्हणजे, अजून नाही.’
त्यांनी वाटी ठेवून आकडा शून्यावर आणला.
शेवटचे दोन दाणे टाकले
नथीचे मोती उचलायच्या चिमट्याने.

मागच्या खेपेला याच काट्यावर
माझ्या पाटल्या होत्या.
तेव्हा मी आकड्याकडे पाहिलं नव्हतं.
या वेळी वाकून पाहिला.
‘याले घट लागत नई,’ शेठ म्हणाले,
पैसे घेतले नाहीत.

आता नीट ऐक.
पाण्यात कॉस्टिक टाकायचं,
कॉस्टिकवर पाणी कधीच नाही.
मागच्या दारी, वारा पाठीशी घेऊन,
पोरं शाळेत गेल्यावर.
पातेलं स्टीलचं.
चूल नाही, जाळ नाही, तरी ते हात लावू देत नाही.
बोटं बुळबुळीत लागली तर समज,
तुझ्याच कातडीचा साबण व्हायला लागलाय.
धू, नळाखाली, बराच वेळ,
आणि हातमोज्यांची लाज सोड.

दोन्ही कोमट झाले की तेलात ओत.
ढवळ. (ती रवी पुन्हा ताकाला नको.)
माझ्या पातेल्यात कापसाचा एक तंतू उडून पडला,
राहू दिला.
पळी उचल : धार पडते, बुडते,
पडते, बुडते,
आणि एकदा बुडत नाही.
वर रेघ राहते,
सकाळी गालावर उशीची राहते तशी.
तिथे थांब.

पुढचं काम गोधडीचं, मग फळीचं.
रंगपंचमी ते आखाजी, सहा आठवडे.
नऊ वड्या निघाल्या, एक वाकडी,
रंग धुतलेल्या मांजरपाटाचा, वास कसलाच नाही.

काल वाकडी वडी घेऊन पुन्हा गेले दुकानात.
कापली त्या दिवशी त्र्याऐंशी भरली होती,
काल एकोणऐंशी.
लोटनशेठ दोनदा काटा पुसून आले.
म्हटलं, शेठ, लागते हो घट.
लागू द्या.
अजून सव्वीस दिवस तिला पाणी दाखवायचं नाही.