खोटी नीळ

घराच्या कागदपत्रांत, शेवटच्या पानावर,
टाइप करून नव्हे, हातानं,
दोन ओळी वाढवल्या होत्या:
‘गॅरेजच्या दक्षिणेचं झुडूप खणू नये.
मे महिन्यात विकणाऱ्याला एकदा ते पाहायला येऊ द्यावं.’
वकीलबाई हसल्या. हे कोर्टात टिकणार नाही, म्हणाल्या.
मी सही केली.

तेव्हा नोव्हेंबर होता, नेब्रास्कातला,
आणि झुडूप म्हणजे काळ्या काटक्यांची मोळी,
प्रत्येक शेंगेत एक खुळखुळा.
रात्रपाळी करून दिवसा झोपणाऱ्याला
तो आवाज किती मोठा असतो, ते विचारू नका.
डिसेंबरातल्या एका वाऱ्यानं ते बुडातून मोडलं
आणि गडगडत ओडेगार्डबाईंच्या अंगणात गेलं.
मला वाटलं, चला,
करार संपला.

एप्रिलमध्ये जमिनीतून बोटं वर आली.
जांभळट, करडी,
कोणी खालून हात वर करून हजेरी द्यावी तशी.
मी पाणी घातलं. खत घातलं,
पिशवीवर लिहिलं होतं तेवढं, आणि वर एक मूठ.
झुडूप उंच झालं, मग मधोमध फाकलं
आणि दमलेल्या कुत्र्यासारखं पसरलं.

तेवीस मेला आला लॅम्बर्ट व्होन्द्रा,
काखेत घडीची खुर्ची, डोक्यावर बियाणं कंपनीची टोपी.
बेल वाजवली नाही. थेट मागे गेला.
‘खायला घातलंस वाटतं.’
मी गप्प.
‘हिला लाड सोसत नाहीत. स्वतःचं अन्न स्वतः करते,
मुळांवर गाठी असतात, सोयाबीनला असतात तशा.
वाटाण्याच्या घराण्यातली आहे.
या घराण्यातल्या मुली
दिल्या घरची माती सुधारतात.’

मग तो बसला. तासभर.
एक जाडा भुंगा निळ्या पाकळ्यांचं दार
खांद्यानं ढकलून आत जात होता,
आणि बाहेर येताना मागे वळून न बघता
पुढच्या दारी.

‘ऑल्डीननं लावलं. अकरा बिया.
दोन सँडपेपरांत घासल्या, रात्रभर गरम पाण्यात ठेवल्या.
उगवली ही एकटी.
दोन वर्षं फूल नाही. मी म्हटलं, उपट.
ती म्हणाली, तुझ्याबरोबर सव्वीस काढली,
हिला आणखी एक देते.’

नाव असं का, मी विचारलं. खोटी का?
‘खऱ्या निळीसारखा रंग धरत नाही कापडावर.
तिनं माझा एक रुमाल बुडवून पाहिला होता.
राखाडी निघाला.
वापरला मी. नाक पुसायला रंग कशाला लागतो.’

आणि बरोबर का नाही नेलंत?
त्यानं बुटाची टाच जमिनीत रुतवली.
‘हिचं मूळ माझ्या उंचीपेक्षा खोल गेलंय.
खणलं की तुटणार, तुटलं की हाय खाणार.
दोघांपैकी एकानंच हलायचं,
तर मी हललो.’

दुसऱ्या मेमध्ये तो वॉकर घेऊन आला,
खुर्ची लेकीनं उचलली होती.
तिसऱ्या मेमध्ये लेकीचा फोन आला फक्त:
बाबांना आता गाडीत बसवत नाही.

करारात खणू नये असं होतं,
कापू नये असं नव्हतं.
सात दांडे बादलीत घालून मी ड्यूटीवरून परस्पर गेले.
खिडकीजवळ ठेवले.
त्यानं बराच वेळ पाहिलं, चष्म्यातून, मग चष्म्यावरून.
‘दक्षिणेकडचे कापलेस. चुकलीस.
गॅरेजच्या बाजूचे कापायचे, ते कुणाला दिसत नाहीत.’
हो, मी म्हटलं.
‘खत?’
नाही.
‘पाणी?’
नाही घालत.
‘मग करतेस काय?’
येता-जाता बघते.
त्यानं थोडा विचार केला.
‘तेही फार नको.’