एक, तीन, चार, दोन

नाना पेठेतून आणली टोपी,
सोबत रोटर, अंगठ्याएवढा.
दस्तगीर मिस्त्रींनी बजावलं होतं,
"वायरी एकेक करून काढा, ताई.
सगळ्या एकदम उपटल्यात
तर रात्र इथेच."

दोन क्लिपा. पेचकस लावला की टचकन सुटतात.
जुन्या टोपीच्या आत केसाएवढी चीर, काळी.
हिच्यातूनच ठिणगी भलतीकडे पळायची
धुक्याच्या सकाळी,
आणि सहकारनगरच्या चढाला
फियाट खोकत थांबायची.
अप्पा डॅशबोर्डला थोपटायचे.
आम्हाला कधी नाही.

वायरींवर त्यांनी दिलेले ठिपके:
नेलपॉलिश. गुलाबी. माझंच,
दहावीत हरवलेलं, ज्यावरून
मी धाकटीशी आठवडाभर बोलले नव्हते.
गोल फिरत एक ठिपका, तीन, चार, दोन.

रोटर एकाच खाचेत बसतो.
फिरतो तो, चौघांच्याही समोरून जातो,
शिवत कुणालाच नाही.
मधे पोस्टकार्डाच्या जाडीची हवा,
आणि जे द्यायचं ते
तिच्यावरून उडी मारून.

किल्ली. नाही.
पुन्हा किल्ली.

दुपारचे अडीच.
वर दामल्यांची खिडकी उघडली,
"ही काय वेळ आहे?"

आहे, आहे, आहे, आहे,
इंजिन म्हणत राहिलं.